माझ्या गाण्यातला खोकला

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. भांडगावात साळूबाईच्या फुलांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला. आज मला भंगारात घालायचं ठरलंय. म्हणून मित्रांनो, आत्ताच बोलून घेतो.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतले एक साहेब घर आवरत होते. त्यांच्याकडून साळूबाईचा नवरा हौसराव मला घेऊन आला. माझ्या पोटात जॅझची एक कॅसेट अडकली होती, ती कुणालाच काढता आली नाही. रेकॉर्डिंगचं बटणही तुटलेलं. म्हणजे बाहेरचा एकही आवाज माझ्यात शिरणं शक्य नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

"आवं, काय आणलंय ह्ये? म्हशीच्या शेपटावर पाय पडल्यागत वरडतंय!" साळूबाई म्हणाली.

"वरडू दे. तुझ्यावानी भांडत तर न्हाई," हौसराव हसला.

तिथून पुढं शेवंतीचे हार माझ्याच गाण्यावर ओवले गेले. सुरुवातीची वर्षं तिला नुसता ड्रम आवडायचा, सुई त्याच्या ठेक्यावर चालायची. मग ट्रम्पेट आवडायला लागला. लग्नातल्या बँडवाल्याला ती नावं ठेवू लागली, "नुस्ता फुकतोय. थांबाया कुठं येतंय त्याला?" पुढं तर सगळ्यांच्या मागं दबकत चालणाऱ्या जाड तारांचा आवाजही तिला वेगळा ऐकू यायचा. हाराला आलेल्या बायका फिदीफिदी हसायच्या. हसणाऱ्यांना कान असतात, पण डूल अडकवायला.

हौसराव गेला आणि तिला वाद्यंही नकोशी झाली. ट्रम्पेट थांबतो आणि पियानो अजून यायचा असतो, तेवढीच रिकामी जागा तिला हवी असायची. ती जागा जवळ आली की साळूबाई बोट वर करायची. "गप ऱ्हावा. आता येतंय."

एका दुपारी त्या जागेत हौसराव खोकला. तोच तंबाखूचा खोकला. मला माझी फीत पाठ आहे, तिथं कधीच काही नव्हतं. मी भ्यालो. साळूबाईनं मात्र मानही वर केली नाही.

"आलात व्हय?" एवढंच म्हणाली.

तिच्या मुलाला, विक्रमला, माझ्या खरखरीची लाज वाटायची. यवतच्या दुकानात मला वायर लावून त्यानं गाणं मोबाईलात घेतलं आणि खरखर पुसून आणली. "आये, बघ, काचेवानी साफ झालंय!"

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "समदं हाय रं. तेवढा तुझा बाप पुसलास."

"आये, मशीन खराब हाय त्ये!"

बहिऱ्याला सगळी मशिनंच खराब वाटतात.

गेल्या महिन्यात साळूबाई गेली. आज सकाळी भंगारवाला दारात आला. "चालू है क्या, भैया?"

विक्रमनं बटण दाबलं. ड्रम झाला, ट्रम्पेट झाला. रिकामी जागा आली. हौसराव खोकला. आणि त्यामागोमाग, दातानं दोरा तोडल्याचा आवाज. हार पुरा झाला की साळूबाई अशीच दोरा तोडायची.

विक्रमनं फीत मागं घेतली, पुन्हा लावली.

"क्या हुआ, भैया?"

"गप," विक्रमनं बोट वर केलं. "आता येतंय."

मित्रांनो, मला तेल नको, पुसायला फडकंही नको. जुनं काही फेकायच्या आधी गप बसून ऐका, आणि एकदा ऐकून कळलं म्हणू नका. तिला आख्खा जन्म लागला.

त्या दोऱ्याच्या पुढं अजून थोडी जागा रिकामी आहे. ती कुणाची, मला माहीत नाही. विक्रम तिथंच कान लावून बसलाय.