स्वरूपाचं पान

तालुक्याच्या दवाखान्यात विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांचा वर्ग भरतो. मीही जाते. शिकवणारी सलोनी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकी, त्यांची चूक काढत बसू नका. मेलेल्याची बातमी पुन्हा पुन्हा देऊ नका. त्यांना ती दरवेळी नवीनच असते."

पोरीचं खरं होतं. आमचा मुलगा स्वरूप होडी घेऊन गेला तो आलाच नाही, मिळालाही नाही. माझा नवरा काशीराम रोज विचारायचा, "स्वरूप खंय आसा?" मी खरं सांगायचे, आणि हा माणूस रोज नव्याने ऊर बडवून घ्यायचा. वर्गापासून मी म्हणायला लागले, "दर्यात गेलोहा. येतलो." तो येईल म्हटल्यावर घर शांत झालं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण पितृपक्षाचं काय करायचं ते वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. म्हाळाला माझ्या दिराने, बाबूने, दोन पानं वाढली. एक सासऱ्यांचं, एक स्वरूपाचं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं. पानं घरामागच्या परड्यातल्या दगडी गडग्यावर ठेवली. माझ्या पोराला अग्नी मिळाला नाही. त्याला पोचायचं ते एवढंच, तेही कावळा शिवला तर. तेवढं व्हावं, बाकी मला काही नको होतं.

सासऱ्यांच्या पानावर कावळे लगेच तुटून पडले. एक उडी मारून स्वरूपाच्या पानाजवळ आला. तेवढ्यात काशीराम खुर्चीतून उठला.

"ह्यां पान कोणाचा गो?"

"स्वरूपाचा," मी म्हटलं. तोंडून निघूनच गेलं.

"मगे कावळे कित्याक खातत? पोर उपाशी येतलो. हाकल तेंका!" काठी उगारून तो लटपटत गडग्याकडे निघाला.

बाबू हळूच म्हणाला, "वयनी, सांगान टाक तेका. आजच्या दिवस."

सांगितलं असतं तर कावळा शिवला असता. आणि काशीरामने पोराच्याच पानासमोर पुन्हा ऊर बडवला असता. मी पोराचा आणि नवऱ्याचा, दोघांचाही विचार केला. मग काहीच वाटेनासं झालं.

कावळ्याची चोच खिरीला लागायची होती. मी पुढे झाले, टाळी वाजवून त्याला उडवलं, पान उचललं आणि घरात नेऊन टोपाखाली झाकलं.

"येतलो तो," मी नवऱ्याला म्हटलं. "तुमी जेवान घेवा."

तो पोटभर जेवला. मी वाढत राहिले.