पडद्याने पाहिलेली तिसरी रांग

बसा, बसा, मी अजून वर गेलेलो नाही. मी नाट्यगृहाचा पडदा बोलतोय. गर्द लाल मखमलीचा, अंगाने जरा जाडजूड.

पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने कारखान्याशेजारी हे नाट्यगृह बांधलं आणि मला शिवून घेतलं. "दिवसभर माणसं यंत्रांचं ऐकतात, संध्याकाळी माणसांचं ऐकू देत," असं थोरले मालक म्हणायचे. नाटकमंडळींना तालमीची जागा, दिवे, सगळं कंपनीकडून.

गंमत म्हणजे, एकही नाटक मी धड पाहिलेलं नाही. सुरू झालं की मला वर ओढतात. तिथून दिसतात नुसती डोकी. राजाला टक्कल आहे, हे प्रजेआधी मला कळतं! म्हणून खाली असेपर्यंत मी प्रेक्षक न्याहाळतो. भांडून आलेलं जोडपं मधल्या खुर्चीवर पिशवी का ठेवतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझ्या मधोमध डोळ्याएवढं भोक आहे. त्यातून नट गर्दीचा अंदाज घेतात. गुदगुल्या होतात, पण मी हलत नाही.

थोरले मालक गेले. नव्या मंडळींना प्रश्न पडला, पंपवाल्यांना नाटकं कशाला? गोदाम केलं तर? पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. निकाल चेहऱ्यावर आधीच लिहिलेला.

"खुर्च्या भरतात तरी का?"

"स्वतःच बघा ना," म्हणत माईंनी, म्हणजे नाटकमंडळींतल्या ज्येष्ठ नटीने, त्यांना माझ्यापाशी आणलं.

बाईंनी भोकाला डोळा लावला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. आटोपला आपला कारभार, मी मनात म्हटलं. पण बाई डोळा काढेनात.

"तिसऱ्या रांगेत हातवारे करून बोलतायत, ते कोण?"

"ते होय? तुमच्याच कारखान्यात फिटर होते. एक प्रयोग चुकवत नाहीत. ते हसले, की विनोद जमला समजायचं."

"माझे बाबा आहेत ते," बाई हळूच म्हणाल्या. "आई गेल्यापासून घरी फक्त 'हो' आणि 'नको'. फिरायला जातो म्हणून निघतात."

माईंनी तिसरी घंटा जरा लांबवली. बाई पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेत गेल्या.

"तू इथं?" बाबा दचकले.

"पाहणीला आलेय. सरका जरा."

आणि नेमकं तेव्हाच मला वर ओढलं! जीव नुसता टांगणीला. खाली आलो तेव्हा सगळे उठले होते, त्या दोघांनाच भान नव्हतं. बाबा कुठला प्रसंग कसा फसला ते सांगत होते आणि बाई विचारत होत्या, "मग? तुम्ही कसा केला असता?"

बैठकीत त्या काय बोलल्या, कोण जाणे. पण गोदाम दुसरीकडे झालं. शिवाय सुट्टीच्या दिवशी रंगमंच कारखान्यातल्या लोकांना मिळू लागला. बाबा आता तालमी घेतात आणि नवख्यांवर ओरडतात, "मागच्या रांगेला ऐकू जाऊ दे की!" माईंना बाई परवा सांगत होत्या, घरीही तोंडाला खळ नाही.

माझी मखमल आता विरलीय. नव्या पडद्याचं माप घेऊन झालं. माझ्या धड उरलेल्या कापडातून राणीचा झगा शिवायचं ठरलंय. छातीत धडधडतंय हो. तुम्ही मात्र या. घोळ पायात अडकून राणी अडखळली, तर त्या पोरीला हसू नका. माझाही तो पहिलाच प्रवेश असेल.