कावळे आणि दोरीवरचे कपडे

"बाबा, डावा हात मागे," सून म्हणाली. यांनी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला.

उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. तीस वर्षं कात्री चालवलेला शिंप्याचा हात, चार महिने मांडीवर परक्यासारखा पडून. डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू यांनी खिडकीतून भिरकावला. "मी काय कुत्रा आहे, चेंडूशी खेळायला?"

मग सुनेने व्हिडिओ गेमचं एक जुनं खोकं आणलं. ती टीव्ही-रेडिओ दुरुस्त करते. पक्कड घेऊन फिरणारी सून म्हणून लग्नात मीच नाक मुरडलं होतं. खोक्याला एक दांडी. टीव्हीला जोडलं की एकच खेळ लागायचा. दोरीवर कपडे वाळताहेत, वरून कावळे शिटताहेत आणि चौकोनी तोंडाची एक बाई पळवत आपण कपडे काढायचे. डाग पडला की तो कपडा पुन्हा धुवायला.

"असला खेळ कुणी विकत घेतला असेल?"

"कुणीच नाही, आई. म्हणून तर माझ्या दुकानात पडून होता."

यांनी उभ्या जन्मात दोरीवरचा रुमाल काढला नाही. पण जात शिंप्याची, कापडावरचा डाग बघवेना. उजव्या हाताने कशीबशी दांडी धरली. कावळे वाढले की मात्र डावा हात हळूच पुढे यायचा.

"आई, तो हात तुम्ही धरून बसा."

"मी? या वयात? दार उघडं आहे."

"मग दार लावते."

बसले धरून. रोज दुपारी तासभर. दांडी हलेना, ती बाई एका जागी खांबासारखी.

"अहो, पळवा की तिला. तुमच्या आईसारखी काय ठाण मांडून बसलीय?"

यांना हसू फुटलं, आणि हसता हसता अंगठा हलला. मी पाहिला. सुनेनेही पाहिला.

परवा यांनी कात्री मागितली. जुन्या चादरीवर वीतभर चालली, तीही वाकडी. घाम पुसत म्हणाले, "कापलं तर खरं."

आभार मानायची मला सवय नाही. सुनेची पक्कड गंजली होती, तिला शिलाई मशीनचं तेल घालून, पुसून तिच्या पिशवीत ठेवली.

आता डावा हात चोरी करत नाही. "हात सोडलात तरी चालेल, आई," सून म्हणते.

मला हल्ली जरा कमीच ऐकू येतं.