सात नंबरची बरणी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आली की मूल गावातल्या आमच्या कॉलेजात दोन तयाऱ्या व्हायच्या. एक बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या जेवणाची, आणि उरलेल्या वेळात परीक्षेची. १९८४ च्या मार्चमध्ये नागपूरहून डॉ. बक्षी आले आणि पाय ठेवल्याबरोबर म्हणाले, मी दुपारी जेवत नाही. म्हणजे उरली फक्त परीक्षा.

मी तिथे अकरा वर्षं शिकवत होतो. परीक्षेतला सगळ्यांच्या आवडीचा भाग म्हणजे स्पॉटिंग. टेबलावर दहा बरण्या मांडायच्या, लेबलं कागदानं झाकायची, पुढे टेबलावर नुसते नंबर. प्रत्येक बरणीपुढे दोन मिनिटं उभं राहून प्राण्याचं नाव लिहायचं आणि तो तोच कशावरून, याची कारणं द्यायची.

आवडीचं कारण होतं खुशाल रामटेके, आमचा लॅब अटेंडंट. बरण्या पुसणं, त्यात फॉर्मलिन भरणं, परीक्षेच्या सकाळी त्या मांडणं ही त्याची कामं. पोरांना पाणी देता देता कोणत्या नंबरला काय आहे ते तो सांगून टाकायचा. पैसे घेत नसे, चहासुद्धा घेत नसे. सावली, पोंभुर्णा, घोट अशा बाजूंनी आलेली ही पोरं, घरातलं पहिलंच कुणीतरी इथवर पोचलेलं. ती नापास होऊन परत गेलेली त्याला बघवत नसे. हे मला ठाऊक होतं, प्राचार्यांना ठाऊक होतं, आणि कॉलेजचा निकाल चांगला लागत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या वर्षी अठरा परीक्षार्थींत खुशालची मुलगी कांताही होती. चामोर्शीजवळच्या एका शाळेनं विज्ञान शिक्षिकेची जागा जूनपर्यंत तिच्यासाठी अडवून ठेवली होती. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे, आणि सकाळीच बेडकाच्या विच्छेदनात तिच्या हातून नेमकी मोठी रक्तवाहिनी तुटलेली. स्पॉटिंगमध्ये दोन-तीन मार्क जरी गेले तरी तिचं वर्ष बुडणार, हे मी बोटांवर मोजून ठेवलं होतं.

स्पॉटिंग आटोपलं. मुलं तोंडी परीक्षेसाठी व्हरांड्यात बसली आणि बक्षी नि मी आतल्या खोलीत पेपर तपासू लागलो. चार आणि पाच नंबरला दोन साप होते, मण्यार आणि कवड्या. भल्याभल्यांची गफलत होते असे. बारा जणांनी मण्यारीला कवड्या आणि कवड्याला मण्यार लिहिलं होतं. मनातल्या मनात मी त्यांचा उद्धार केला. कांतानं दोन्ही बरोबर ओळखले होते.

मग सात नंबर. इथे थोडं शिकवावं लागेल, सवय जात नाही. आपण मराठीत सगळ्यांनाच उंदीर म्हणतो, पण शास्त्रात हे दोन वेगळे गट. एक मस. हा पूर्ण वाढला तरी बोटाएवढाच राहतो. दुसरा रॅटस. हा म्हणजे आढ्यावरून धावणारा मोठा उंदीर. सात नंबरला मस होता. गेली अकरा वर्षं मी तीच बरणी हातात धरून वर्गात मस शिकवला होता. सतरा पोरांनी मस लिहिलं. कांतानं लिहिलं होतं, "रॅटस, पिल्लू." मी फुली मारली आणि मला खरंच वाईट वाटलं.

बक्षींनी पेपर ओढून घेतला. "कारणं वाचलीत?"

मी वाचली नव्हती. तिनं लिहिलं होतं: शरीर मसएवढं आहे, परंतु मागचे पाय त्या मानाने फार मोठे आहेत. डोके जड, शेपटी बुडाशी जाड. म्हणजे हा वाढून लहान राहिलेला प्राणी नाही, अजून वाढायचा राहिलेला प्राणी आहे.

"सगळे मस लहान असतात, हा लहान आहे, म्हणून हा मस, असं तुम्ही धरून चाललात," बक्षी म्हणाले. "सगळे कावळे काळे, म्हैस काळी, म्हणून म्हैस कावळा. ठोंबरे, बरणी आणा."

मी खुशालला हाक मारली. त्यानं बरणी आणली, ट्रे आणला, चिमटा आणि मोजपट्टी आणली, आणि दाराशी उभा राहिला. बक्षींनी प्राणी बाहेर काढला. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत साडेआठ सेंटीमीटर, मसला शोभेल असं. मागचं पाऊल सव्वीस मिलिमीटर. मसचं वीसच्या पुढे जात नाही. मग त्यांनी चिमट्यानं वरचा ओठ उचलला आणि दात मला भिंगातून दाखवले. मसच्या वरच्या पुढच्या दाताला मागून एक खाच असते. इथे खाच नव्हती. दात सपाट होता, आणि मी अकरा वर्षं पगार घेत होतो.

"पोरगी बरोबर आहे," बक्षी म्हणाले. "पण लेबल मसचं कसं?"

उत्तर दारातून आलं.

"मीच ठेवलो साहेब," खुशाल म्हणाला. "सात वर्सं झाली. उन्हाळ्यात फॉर्मलिन आटलं अन् अंदरचा उंदीर सडला. सर बोलतीन म्हून मी घरच्या धानाच्या ढोलीतला धरून घातलो. माय मोठी होती त्याची, ते पळाली. हे पिल्लू भेटलं. मापाचं होतं."

त्याला वाटलं असावं, आता मुलीचे मार्क पक्के झाले. चेहऱ्यावर तसं दिसत होतं. पण बक्षींनी चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे ह्यात रॅटस आहे हे तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला?"

"नाई साहेब. कोनालेच नाई."

"कांता रामटेके तुमची कोण?"

"पोरगी साहेब," खुशाल म्हणाला. बक्षी माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "एक गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती. अठरा जणांत ती एकीलाच आली, आणि ती त्याची मुलगी. निष्कर्ष तुम्ही काढा."

"सर, तिनं कारणं लिहिली आहेत."

"कारणं घरी पाठ करून घेता येतात. मला विद्यापीठाला कळवावं लागेल. तिची सबंध परीक्षा रद्द होईल, पुढची दोन वर्षं बसताही येणार नाही."

कांताला आत बोलावलं. तेलाचा चप्प भांग, हातात रुमालाची गाठ. बक्षींनी सरळ विचारलं, "परीक्षेआधी वडिलांनी तुला सात नंबरबद्दल काही सांगितलं होतं?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग खुशालकडे. "नाही" म्हणाली असती तर सुटली असती, पण ते खोटं झालं असतं. "हो" म्हणाली असती तर बाप बुडाला असता. ती गप्प राहिली, आणि बक्षींनी ते गप्प राहणं कबुली म्हणून घेतलं. मला हे सगळं कळत होतं. खुशाल पाणी देताना काय सांगतो ते मला माहीत होतं, म्हणजे कांतालाही त्यानं काय सांगितलं असणार हेही मला कळायला हवं होतं. मी तोंड उघडलं नाही. मला माझी नोकरी दिसत होती.

बक्षींनी पेनाचं टोपण काढलं, तसा खुशाल दोन पावलं पुढे आला.

"सांगतलो होतो साहेब," तो म्हणाला. "साऱ्याईले सांगतलो. सात नंबरले मस लिवा म्हनलो. तिले बी मसच सांगतलो."

"तुम्हाला माहीत होतं ना, रॅटस आहे म्हणून?"

"माहीत होतं. पन मार्क त लेबलाले भेटतेत."

बक्षींनी पेन तसंच हातात धरलं. मग म्हणाले, "मुलीसाठी बाप काहीही बोलेल. पुरावा काय?"

"चार अन् पाच पाहा साहेब. मी चारले कवड्या अन् पाचले मन्यार सांगतलो. सकाडी मी तसंच मांडलो होतो. मंग सरनं येऊन दोनी बरन्या इकडच्या तिकडं केल्या, मले सांगाले टाइम नाई भेटला."

बरण्या मी खरंच बदलल्या होत्या, पाचच्या जागी उजेड चमकून मण्यारीचे पट्टे दिसत नव्हते म्हणून. बक्षींनी गठ्ठा पुन्हा काढला. चारला कवड्या, पाचला मण्यार, एकामागून एक बारा पेपर. उरलेल्या पाचांनी साप स्वतः पाहिले होते, पण सातला आल्यावर त्यांनीही ऐकलं होतं. अठरा पेपरांत खुशालची एकही खूण नसलेला पेपर एकच निघाला.

"तिले मी घरी बी सांगतलो, इथी बी सांगतलो," खुशाल म्हणाला. "आयकलंच नाई तिनं."

"ठोंबरे, तुम्हाला याची कल्पना होती?"

मी "नाही" म्हणालो. खुशालनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं पाहिलं असतं, शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. सतरा जणांचं स्पॉटिंग रद्द, दुसऱ्या दिवशी नव्या बरण्या लावून पुन्हा. कांताचे मार्क कायम, सात नंबरचे पैकीच्या पैकी. खुशालनं प्राचार्यांसमोर दोन ओळींचा जबाब लिहून दिला, खाली सही केली आणि कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. निलंबन, असा शब्द प्राचार्यांनी वापरला. त्यातून खुशाल परत येणार नाही हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. तोंडी परीक्षा उरकून बक्षी चार वाजता रेस्ट हाउसवर मुक्कामाला गेले.

मी प्रयोगशाळेत आलो तेव्हा बापलेक तिथेच होते. तो प्राणी अजून ट्रेमध्ये पडलेला, आवरायला कुणाला सुचलंच नव्हतं. कांता भिंतीला टेकून उभी होती. मला बघून तिनं डोळे पुसले.

"सर, मी मस लिवली असती त?"

काहीतरी बरं बोलावं असं फार वाटलं. पण खरं तेच बाहेर आलं. "तर तुला मार्क मिळाले असते," मी म्हणालो, "आणि कुणालाच काही कळलं नसतं."

ती पुन्हा रडू लागली. खुशालनं तिचा हात धरून तिला ट्रेपाशी आणलं आणि चिमटा तिच्या हातात दिला.

"रडू नोको," तो म्हणाला. "मले माय दिसली होती म्हून समजलं. तुले माय कुठी दिसली? कसं वयखलीस, दाखव मले."

कांतानं नाक ओढलं, चिमट्यानं ते मागचं पाऊल सरळ केलं आणि बाजूला मोजपट्टी ठेवली. खुशाल चष्मा काढून पुसून खाली वाकला.