फिरत्या गावातले कुळीथ

मी एक जुनी सायकलची रिंग आहे, मित्रांनो. परशुरामांचं दूध मी बारा वर्षं तळेऱ्याच्या नाक्यावर पोचवलं. २००४ साली घरात मोटारसायकल आली आणि मी गोठ्यात पडले. त्यांच्या मुलीने, वर्षालीने मला उचललं, तेव्हा ही मला भंगारात घालणार अशीच शंका मला आली.

तिने मात्र मला पत्र्याची पाती बसवली आणि बागेतल्या पाटाच्या धारेखाली उभं केलं. मी गरगर फिरू लागले. माझ्या कडेला तिने डब्या बांधल्या. त्यांत ओला काथ्या आणि कुळीथ.

तिची आई जानकी म्हणाली, "ह्या काय गो?"

"आये, ह्यो अवकाशातलो गाव. भलामोठा चाक, सतत फिरता. फिरण्याच्या जोरान सगळा भायर ढकलला जाता. माणसा आतल्या कडेर रवतत, शेती करतत. पाय भायर, डोकी मधी. वर बघला तर समोरच्याच्या घराचा छप्पर!"

"आणि पेज सांडली तर?"

"पायाकडेच पडतली."

पाचव्या दिवशी सगळे कोंब माझ्या मध्याकडे वळले होते; फिरताना त्यांना माझी बाहेरची कडाच जमीन वाटली होती. वर्षालीने मला कणकवलीच्या विज्ञान प्रदर्शनात नेलं. तिथे परीक्षक गुरुदाससरांनी भुवया चढवल्या. "वरच्या डबीतले कोंब खाली वाढतात? दोऱ्याने ओढलेत." त्यांनी पेनाने टोकरलं. एक कोंब मोडला, दोरा सापडला नाही. तरी त्यांनी यादीतलं वर्षालीचं नाव खोडलंच.

वर्षालीने डोळे पुसले. "सर, बिया तुम्ही पेरा. डब्या तुम्हीच बांधा."

सर आमच्या बागेत आले. बिया पेरून, जाळीचं कापड बांधून गाठींवर लाख लावून गेले. त्या दिवसांत मला जवळ येणाऱ्या प्रत्येकाचा संशय यायचा. तिसऱ्या दिवशी पाणीच आटलं. "वरच्या बागेतल्या यशोदाकाकीनच पाणी अडवल्यान!" म्हणत वर्षाली वर धावली. काकी गुडघाभर चिखलात उभी राहून पाटात पडलेली फांदी ओढत होती.

"तुझा चाक थांबलेला दिसला, म्हणान इलंय," ती म्हणाली. वर्षाली मान खाली घालून फांदीला लागली.

रविवारी सरांनी लाख तीनदा तपासली, मग कापड सोडलं. सगळे कोंब मध्याकडे. ते पाटाच्या काठावर बसले.

"बक्षीस वाटून झालं, वर्षाली. ते मला परत आणता येणार नाही. पण चूक माझी होती, हे तुझ्या शाळेत येऊन सगळ्यांसमोर सांगेन."

सोमवारी त्यांनी ते सांगितलं.

आज मी गंजले आहे. मित्रांनो, शंका जरूर घ्या. पण जुनी वस्तू फेकण्याआधी आणि कुणाला खोटं ठरवण्याआधी, एकदा स्वतः फिरवून बघा.