बाराव्या मजल्यावरचं बटण

मी एक जुनी लिफ्ट आहे. वय एकोणीस वर्षं. माणसांत हे कॉलेजात जायचं वय, पण आम्हा लिफ्टांमध्ये एकोणिसाव्या वर्षी सांधे कुरकुरायला लागतात. चीनमधल्या नाननिंग शहरातल्या एका अठरा मजली इमारतीत मी दिवसभर वर-खाली करते. मित्रांनो, आमच्या इमारतीत कुणालाही माझ्याबद्दल विचारा. तो सांगेल, "ती होय? महा हट्टी! मनात आलं की दार सताड उघडं टाकून बसते. जाम हलत नाही." खरं आहे, मी हट्टी आहे आणि त्याची मला लाज नाही. पण मी जन्मतः अशी नव्हते. कशी झाले, ते ऐका.

एका मोठ्या कारखान्यात चकचकीत पोलादी पत्र्यांपासून मला घडवलं. ट्रकमधून इथे आणलं. मोंग मिस्त्रींनी मला दोरांवर टांगलं, माझी मोटर जोडली, एकेक बटण तपासलं. मग एकटेच आत बसून अठराव्या मजल्यापर्यंत गेले. जाताना त्यांनी खिशातलं एक नाणं काढून जमिनीवर कडेवर उभं ठेवलं होतं. ते वर पोहोचेपर्यंत पडलं नाही. मिस्त्री माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास पोरी!" ती थाप मी अजून विसरले नाही.

मग कामाला लागले. मी काय नाही वाहिलं? नव्या नवऱ्या वाहिल्या, फ्रीज वाहिले, नववर्षाला पाल्यासकट आणलेले उंच ऊस वाहिले. ते उभे मावत नसत, म्हणून लोक ते तिरके धरत आणि पाला सगळ्यांच्या नाकात जाई. गोगलगायीच्या रश्श्यातल्या शेवया कुणी घेऊन गेलं, की तो वास माझ्यात दोन दिवस राहायचा. नाक मुरडणारेसुद्धा घरी जाऊन त्याच मागवायचे. सगळे मला धन्यवाद द्यायचे असं नाही. पण मी रोज सगळ्यांच्या उपयोगी पडत होते, आणि उपयोगी पडणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

माझी खरी मैत्रीण म्हणजे बाराव्या मजल्यावरच्या नोंग आजी. साखर कारखान्यात तीस वर्षं उभ्याने काम केलं आणि गुडघे तिथेच ठेवून आल्या. आत आल्या की काठी टेकवून म्हणायच्या, "चल ग बाई, दोघी म्हाताऱ्या वर जाऊ." तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण मला राग नाही यायचा.

याच काळात शहरातल्या लोकांनी विजेच्या स्कूटर घेतल्या. एकानं घेतली म्हणून दुसऱ्यानं, असं करत आमच्या इमारतीत दोनशे स्कूटर झाल्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही. आवाज नाही, धूर नाही, गरिबाला परवडते. पण तिला जेवायला सहा-सात तास लागतात, त्याचं काय? मागच्या अंगणात चार्जिंगची शेड होती. त्यात प्लग किती? सोळा! शिवाय तिथून बॅटऱ्या चोरीला जात. आणि दोन वर्षांत बॅटरी थकली की नवी घ्यायची ऐपत नसलेले लोक रस्त्याकडेच्या दुकानातून जुने तुकडे जोडून केलेली मोठी बॅटरी घेत. मग काय, जो तो स्कूटर ढकलत माझ्यात आणायचा आणि घरी नेऊन, नाहीतर जिन्याच्या तोंडाशी लावून, वायर जोडायचा. माझ्या भिंतींवर हँडलचे ओरखडे पडले. पण मी कुणाला नाही म्हणत नव्हते. नाही म्हणणं मला शिकवलंच नव्हतं.

एका मार्चमधली गोष्ट. सकाळी अकराला मी एक स्कूटर सातव्या मजल्यावर सोडली. दुपारी दोनला ती जिन्याजवळ पेटली.

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझी सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगते. आगीची घंटा वाजली की लिफ्टनं सरळ तळमजल्यावर यायचं, दार उघडायचं आणि तिथेच थांबायचं, असा नियम आहे. नियम बरोबरच आहे. धुरात अडकलेली लिफ्ट म्हणजे आतल्या माणसांची शवपेटीच. मी नियमाप्रमाणे खाली आले आणि दार उघडून उभी राहिले. आणि बाराव्या मजल्यावरचं बटण दाबलं गेलं.

आजी होत्या. जिन्यात धूर, पायात जोर नाही. त्यांना माझ्याशिवाय होतं कोण? त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मी मोजत होते. सत्तावीस वेळा! दर वेळी मला वाटे, दोर तुटले तरी चालतील, पण वर जावं. मी जागची हलू शकले नाही. मग बटण दाबायचं थांबलं, ते तर दाबण्यापेक्षाही वाईट होतं.

आजींनी घरात परत जाऊन दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते. दीड तासानं अग्निशमनच्या जवानांनी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. त्यानंतर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तो आजतागायत. सातव्या मजल्यावरचे लू आजोबा मात्र खाली आले नाहीत. रोज चारला बुद्धिबळाचा पट काखेत मारून ते माझ्यात यायचे. ती स्कूटर त्यांची नव्हती. ती कुणाची होती ते सांगून आता काय उपयोग? पण वर कुणी नेली, ते मला पक्कं ठाऊक आहे. मीच नेली.

त्यानंतर मोंग मिस्त्रींनी माझ्या छताला कॅमेऱ्याचा एक डोळा बसवला. आत स्कूटर आली की तो डोळा ती ओळखतो आणि मी दार बंद करत नाही. "हे वाहन बाहेर न्या," अशी पाटी लागते आणि भोंगा वाजतो. अंगणात लाल रंगाचा वाळूचा हौदही आला. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, की आता काही झालं तरी हलायचं नाही. जगानं शिव्या दिल्या तरी नाही.

आणि जगानं दिल्या! पहिल्या दोन महिन्यांत लोकांना लू आजोबा आठवत होते. नंतर कंटाळा आला. कुणी डोळ्यावर छत्री धरायचं, कुणी स्कूटरवर चादर टाकून "सोफा आहे" म्हणायचं. "मेली लिफ्ट आहे की सासू?" असं एक बाई रोज म्हणायच्या. शेवटी माझ्याच भिंतीवर कुणीतरी अर्ज चिकटवला, की हा डोळा काढून टाका. खाली सह्या वाढत गेल्या. सर्वांत मोठी सही होती वेईची.

वेई म्हणजे आजींचा शेजारी, घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण. माणूस लबाड नव्हता, पण त्याच्या नाकी नऊ आले होते. शेडमधून त्याची एक बॅटरी चोरीला गेली होती. बायको लान हिची सुपरमार्केटात कामाची पाळी असे, आणि आठ महिन्यांची लेक क्वोक्वो. लान कामावर असली की आजीच तिला सांभाळत.

वेईनं माझी खोड ओळखली होती. डोळा स्कूटर ओळखतो, नुसती बॅटरी ओळखत नाही. पण दारावर बसलेले रखवालदार थांग काका ओळखायचे. म्हणून पठ्ठ्यानं काय करावं? लानच्या आईनं दोन हिवाळे बसून नातीच्या झोळीवर भरतकाम केलं होतं. पोर पाठीला बांधायची ती झोळी, तिच्यावर लाल-निळ्या रेशमाची फुलपाखरं. वेईनं त्या झोळीत बॅटरी बांधली, वर क्वोक्वोचं टोपडं घातलं आणि ऐन दुपारी "ऊ ऊ, झोप ग" करत थांग काकांच्या समोरून माझ्यात आला! काकांनी उलट आवाज हळू केला आपल्या रेडिओचा.

पण मला कोण फसवणार? क्वोक्वो आठ किलोची, ते मला रोजचं ठाऊक. हे पोर चौदा किलोचं होतं. मला कळलं, पण डोळ्याला दिसत नाही म्हणजे दार लावायलाच हवं. मी जड मनानं दार ओढू लागले, तोच फटीत एक काठी आली.

"थांब, थांब! म्हातारीला घे की!"

काठीला दार टेकलं की उघडायचं, हा माझा धर्म. मी आनंदानं उघडलं. नोंग आजी आत आल्या. वेई दाराकडे पाठ करून भिंतीवरचा अर्ज वाचल्याचं सोंग करत होता.

"झोपली का रे लेक?" आजींनी विचारलं.

"हो आजी, आत्ताच डोळा लागलाय. हळू बोला."

"अस्सं? मग माझ्या कडेवर ही कोण आहे?"

"बा!" क्वोक्वोनं बापाला पाहून हात पसरले. लानला लवकर बोलावणं आलं होतं, म्हणून पोर आजींकडे होती. वेईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय रे, जुळी झाली आणि शेजारणीला बारशाची लाल अंडी नाही वाटलीस?" आजी म्हणाल्या आणि त्यांनी झोळीवर कौतुकानं हात फिरवला. पुढच्या क्षणी हात झटकन मागे घेतला. "अरे, हिला ताप आहे."

"उन्हातून आलोय ना आजी."

"क्वोक्वोही उन्हातूनच आली. हिचं अंग बघ. आणि हिचं पोट का असं फुगलंय? वास कसला येतोय?"

वास मलाही येत होता. गोडसर, नेलपॉलिशसारखा. आजी एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांनी काठी दाराच्या रुळात आडवी रोवली.

"बाहेर ने."

"आजी, पाया पडतो, आजचा दिवस! शेडमध्ये जागा नाही. ही भरली नाही तर संध्याकाळच्या ऑर्डरी कशा करू? घर कसं चालवू?"

"बाहेर ने म्हणते ना."

बाहेर भाजीच्या पिशव्या घेऊन चारपाच जण जमले. "आजी, चला ना, माझं सूप निवतंय!" "काठी काढा हो!" मी दार ओढायची, काठीला टेकायची, पुन्हा उघडायची. मग मी भोंगा सुरू केला. तेवढाच मला आवाज आहे, तो मी छाती फुटेस्तोवर वाजवला.

"काठी काढा आजी!" वेई आता चिडला होता. "आपण दोघंही बाराव्यावर राहतो. मला माझ्या पोरीची काळजी नाही का?"

आजींचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पण आवाज हलला नाही. "सत्तावीस वेळा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी हिचं बटण सत्तावीस वेळा दाबलं. ही आली नाही. येणं हिच्या हातातच नव्हतं. उद्या तू बाहेर असशील, लान बाहेर असेल, आणि ही पोर माझ्या कडेवर असेल. मग मी किती वेळा दाबू, ते सांग."

मित्रांनो, इतके दिवस मला वाटायचं की मोजणारी मी एकटीच होते.

 वेई वळला, लोकांना बाजूला सारत धावत अंगणात गेला आणि झोळीची गाठ सोडून सगळं वाळूच्या हौदात टाकलं. झोळीतून पांढरा धूर निघाला. फुलपाखरांची झोळी वाचवायला त्यानं हात घातला, तेव्हा थांग काकांनी त्याला गचांडी धरून मागे ओढलं. दुसऱ्याच क्षणी फटाक्याच्या कारंज्यासारखी आग वर उसळली. जवान आले, पाणी मारलं. विझली असं वाटायचं आणि पुन्हा पेटायची. तासभर हाच खेळ चालला. मगाशी सूप निवतंय म्हणणारा माणूस पिशवी हातात धरून तसाच उभा होता.

वेई मात्र आगीकडे बघत नव्हता. तो मान वर करून खिडक्या मोजत होता. नजर बाराव्या मजल्यावर पोहोचल्यावर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "आत्ता माझ्या पाठीवर होती." आणि रडला. क्वोक्वो आजींच्या खांद्यावर झोपून गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवरचा अर्ज खरवडून काढला. पण नुसता अर्ज काढून त्याचं पोट भरणार नव्हतं, हे आजींना कळत होतं. त्या रहिवासी समितीकडे गेल्या. "सोळा प्लगांत दोनशे स्कूटर कशा जेवतील? तुम्ही लोकांना नुसतं नाही म्हणता, मग हो कुठे म्हणणार?" पहिल्या वेळी चहा मिळाला, दुसऱ्या वेळी आश्वासन. तिसऱ्या वेळी त्या क्वोक्वोला घेऊन सकाळपासून तिथेच बसल्या, आणि पोरीनं समितीच्या कागदांवर सू केल्यावर कामाला वेग आला. शेडला पत्रा आला, साठ प्लग आले. चोरांचं काय? "मी बसते की," आजी म्हणाल्या. वेईनं त्यांना बांबूची खुर्ची आणून दिली. आता सकाळी आठला त्या माझ्यातून खाली उतरतात आणि शेडच्या तोंडाशी काठी आडवी ठेवून बसतात. तीस वर्षं साखरेच्या पोत्यांवर नजर ठेवलेल्या बाईपुढे चोराची काय टाप? फुगलेली बॅटरी दिसली की त्या मालकाला नावानिशी हाक मारतात, आणि ती वाळूत जाईपर्यंत त्याला सोडत नाहीत.

पुढच्या वसंतात माझ्या जागी नवी लिफ्ट येणार आहे. मोंग मिस्त्रीच मला उतरवतील म्हणतात. येऊ दे नवी. माझी तक्रार नाही. तिनं माझ्यासारखं हट्टी मात्र व्हावं.

आणि तुम्हीही थोडं ऐका. बॅटरी वापरा, पण तिचा धाक ठेवा. ती जिन्यात लावू नका, उशाशी लावू नका, आणि ती तापली, फुगली, तिला वास आला तर "आजचा दिवस" म्हणू नका. मी तुम्हाला कुठेही नेईन, बाळंतपणाला नेईन, म्हातारपणात नेईन. फक्त आग लागल्यावर मला बोलावू नका, कारण तेव्हा मी येऊ शकत नाही. म्हणूनच बॅटरी माझ्यातून वर नेऊ नका.

संध्याकाळी सहाला आजी शेडमधून परततात. क्वोक्वो आता चालते, बटणापर्यंत तिचा हात पोहोचत नाही, म्हणून आजी तिला उचलून धरतात. ती एकदाच दाबते, आणि मी येते.