उसवलेली शिवण

माझा थोरला भाऊ शिंपी होता आणि आमच्या गल्लीच्या फुटबॉल संघातला सर्वांत तोंडाळ खेळाडू. संघ खालच्या गटातला, पण दादाची जीभ पहिल्या नंबरची. कुणी अडवायला आला की हा ओरडायचा, "अरे, चड्डी उसवली बघ!" तो बिचारा मागे हात लावून पाही, तेवढ्यात दादा चेंडू घेऊन पसार.

त्या वर्षीचा शेवटचा सामना जिंकलो नाही, तर संघ आणखी खाली जाणार होता. बरोबरी चालू होती. अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. मारणार दादा. समोरचा गोलकीपर, एक धिप्पाड बेकरीवाला, गुडघे जुळवून उभा.

"काय रे, लाजतोस कुणाला?" दादाने डिवचलं.

"आज खरंच उसवली," तो पुटपुटला.

संघाचे कपडे मी सांभाळायचे. दादा धावत माझ्याकडे आला, "छोटे, सुईदोरा दे!" पंचांना थांबवून त्याने गोलामागे बेकरीवाल्याच्या चड्डीला भराभर टाके घातले.

"अरे, तू कुणाच्या बाजूचा?" आमचा कप्तान किंचाळला.

"ज्याला हलता येत नाही त्याला गोल मारू? मग उद्यापासून लोकांना चिडवू कोणत्या तोंडाने?"

दादाने जोरदार फटका मारला. बेकरीवाल्याने पाय फाकून झेप घेतली आणि चेंडू अडवला. आमचा संघ खाली गेला.

माती झटकत बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, जरा कच्ची शिवायची होतीत!"

दादा तिथेच बसकण मारून पोट धरधरून हसत सुटला.